पटकीचे माहेर

आपल्याकडे मरीआईचे ठाणे गावाच्या मध्यावर क्वचितच असते. ते शिवेवर असते, ओढ्याच्या काठी असते, वेशीबाहेरच्या लिंबाखाली असते. पटकी बाहेरून येते आणि बाहेरच थोपवावी लागते, हा त्या जागेचा अर्थ. तरीही साथ आलीच तर मरीआईचा गाडा करीत. लहानशा लाकडी गाड्यावर देवी बसवायची, हळदकुंकू वाहायचे, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. तेथल्या गावाने तो आपल्या पलीकडच्या शिवेवर पोचवायचा. रोग त्याने संपत नसे. तो दुसऱ्याच्या दारात जाई.

आज मला ज्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे तो ह्या गाड्यातच बसलेला आहे. पटकी येते ती कोठून? आणि एक साथ विझल्यावर दुसरी पेटेपर्यंत ती राहते कोठे? मी डॉक्टर नव्हे, प्रयोगशाळेचा उंबरठाही मी कधी ओलांडलेला नाही. कामगारवस्त्यांतल्या नळांवरून मालकांशी आणि नगरपालिकांशी भांडता भांडता मला ह्या विषयाचे वाचन करावे लागले, आणि मग ते सुटेना, एवढाच माझा अधिकार.

गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशात पटकी जुनी होती. परंतु १८१७ साली जेसोर भागात उठलेली साथ तेथे थांबली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. पुढल्या वर्षी, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती दख्खनेत उतरली आणि मुंबईस पोचली. पुढच्या लाटेने १८३२ साली पॅरिस आणि लंडन गाठले. मग युरोपला जाग आली. १८६६ साली इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिने पटकी पसरविणाऱ्या कारणांत यात्रांना पहिले स्थान दिले. हरिद्वारचा यात्रेकरू, जगन्नाथपुरीचा यात्रेकरू, हजचा यात्रेकरू. आपल्या पंढरीच्या वारीकडेही सरकारी अधिकारी ह्याच नजरेने पाहत. यात्रेत पटकी पसरे हे खोटे नव्हे. हजारो माणसे एकाच नदीत उतरतात तेथे ती पसरणारच. परंतु पलटणी आणि व्यापारी गलबतेही त्याच वाटांनी जात होती. गाडा मात्र यात्रेकरूच्या शिवेवर सोडला गेला, कारण त्याच्या बाजूने परिषदेत बोलणारा कोणी नव्हता.

रोग पाण्यातून येतो हे तोपर्यंत लंडनच्या एका डॉक्टरने दाखवून दिले होते. जॉन स्नो हा यॉर्क गावच्या कोळशाच्या वखारीत राबणाऱ्या मजुराचा मुलगा. १८५४ साली त्याने ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचे पाणी पिणारे कोण आणि मेले कोण ह्याचा दारोदार फिरून हिशेब लावला. त्याच वर्षी इटलीत फ्लॉरेन्सला फिलिपो पाचिनी ह्याने मेलेल्या रोग्यांच्या आतड्यांत वळवळणारे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि छापूनही काढले. कोणी लक्ष दिले नाही. जंतूच्या अधिकृत नावापुढे पाचिनीचे नाव लागले ते १९६५ साली, त्याच्या मृत्यूनंतर ऐंशीवर वर्षांनी.

जगाने मानले ते रॉबर्ट कॉखला. १८८३ मध्ये तो ईजिप्तमार्गे कलकत्त्यास आला आणि १८८४ च्या आरंभी त्याने बर्लिनला कळविले की स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू पटकीच्या प्रत्येक रोग्यात सापडतो. त्याच मुक्कामात त्याला तो जंतू आणखी एका ठिकाणी दिसला, आणि माझी आजची कथा तेथून वळण घेते. कलकत्त्याच्या उपनगरातल्या एका तळ्याकाठी पटकी लागली होती. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, तेथेच कपडे धूत, तेच पाणी पीत. कॉखने ते पाणी तपासले. जंतू त्यात होताच. त्याने अर्थ लावला तो असा की रोग्याचे कपडे तेथे धुतले गेले, म्हणून जंतू पाण्यात आला. त्या तळ्यापुरता तो अर्थ बरोबरही असेल. पण त्यावरून एक मोठा सिद्धांत ठरून गेला: पटकीच्या जंतूचे घर म्हणजे माणसाचे आतडे. पाणी म्हणजे फक्त वाट. वाटेवर तो फार दिवस जगत नाही.

हिंदुस्थान सरकारला हे मुळीच रुचले नाही. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला होता. पटकी माणसाबरोबर आणि बोटीबरोबर जाते असे एकदा कबूल केले की मुंबईहून निघालेली प्रत्येक बोट सक्तीने अडकवून ठेवली जाणार, आणि त्याचा भुर्दंड व्यापाराला. सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम हे वर्षानुवर्षे सांगत होते की पटकी संसर्गाने पसरतच नाही. ती जागेच्या आणि हवेच्या गुणाने उद्भवते. कॉखचा शोध जाहीर झाल्यावर ब्रिटनहून क्लाइन आणि गिब्ज असे दोन तज्ज्ञ पाठविण्यात आले. त्यांनी शोधून दाखविले की काही तळ्यांत हा वाकडा जंतू आहे, लोक ते पाणी पितात, आणि तरी काठावर पटकी नाही! म्हणून कॉख चुकला.

ह्या दोघांचे निरीक्षण पुढे शंभर वर्षांनी निराळ्याच अर्थाने उपयोगी पडणार होते. परंतु १८८५ साली त्याचा उपयोग एकच झाला. रोग जागेचा आहे, निसर्गाचा आहे, तेव्हा बोटी चालू द्या.

ह्याच विचाराची दुसरी शाखा जर्मनीत होती. म्युनिकचे पेटेनकोफर हे मोठे आरोग्यशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे की जंतू असेल, पण जमिनीची ओल आणि ऋतू अनुकूल झाल्यावाचून तो रोग करू शकत नाही. हांबुर्ग शहराला हे मत सोयीचे होते. तेथे राज्य व्यापाऱ्यांचे. एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांत सोडले जाई. गाळणीचे बांधकाम खर्च कोणी सोसायचा ह्या वादात घरमालकांनी वर्षानुवर्षे लांबविले. शेजारीच लागून असलेले आल्टोना गाव तर हांबुर्गच्या गटारांच्या खालच्या अंगाने पाणी उचले, म्हणजे अधिकच घाण पाणी. पण आल्टोना ते वाळूतून गाळून घेई.

१८९२ च्या ऑगस्टात पटकी हांबुर्गात आली. बंदर बंद पडेल ह्या भीतीने आठवडाभर कारभाऱ्यांनी तोंड उघडले नाही, आणि त्या आठवड्यात बोटी आणि आगगाड्या खुशाल निघत राहिल्या. दहा आठवड्यांत सुमारे १७,००० माणसे आजारी पडली, ८,६०० मेली. गोदीजवळच्या गल्लीबोळांत राहणाऱ्या कामकऱ्यांत मृत्यू अधिक. आणि आल्टोना? रस्त्याच्या एका अंगाला हांबुर्गचा नळ, दुसऱ्या अंगाला आल्टोनाचा. हवा तीच, जमीन तीच, ऋतू तोच. साथ हांबुर्गच्या अंगाला. वाळूच्या थराने जो निकाल दिला तो शंभर व्याख्यानांनी दिला नसता. ज्या सोशल डेमॉक्रॅट कार्यकर्त्यांवर पोलीस पाळत ठेवीत असत त्यांनाच घरोघर पत्रके वाटायला बोलवावे लागले. कारण गल्लीतली माणसे ओळखत होती ती त्यांनाच. गाळणी १८९३ मध्ये सुरू झाली.

१८९२ च्याच ऑक्टोबरात चौऱ्याहत्तरीला टेकलेल्या पेटेनकोफरांनी आपले मत सिद्ध करण्यासाठी पटकीच्या जंतूंचा घोट सर्वांदेखत घेतला. त्यांना थोडे जुलाब झाले, ते वाचले. मत मात्र वाचले नाही. कॉखचा विजय झाला आणि तो न्याय्यच होता. गाळलेले पाणी, निराळी गटारे, क्लोरीन, ह्या मार्गाने युरोपातून पटकी हद्दपार झाली. परंतु विजयाबरोबर एक प्रश्न गाडला गेला. बंगालच्या खाडीकाठी पटकी वर्षातून दोनदा का उसळते, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर? मधल्या महिन्यांत रोगी जवळजवळ नसताना जंतू कोठे दडून बसतो?

ह्याचे उत्तर शोधायला सुरुवात झाली ती पटकीचे नावही विसरलेल्या देशात. अमेरिकेत मेरीलँडच्या किनाऱ्याला चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी तेथे मिसळून मचूळ होते. रिटा कॉलवेल ह्या बाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे पटकीचा जंतू सापडला. त्यांचा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. आसपास एकही रोगी नाही, कोणी यात्रेकरू नाही, आणि जंतू मजेत आहे! प्रथम कोणी विश्वास ठेवीना. पण १९७३ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर पटकीचा एक रोगी सापडला होता; १९७८ मध्ये शेजारच्या लुइझियानात अर्धेकच्चे उकडलेले खेकडे खाऊन काही माणसांना पटकी झाली, आणि त्यांच्यातला जंतू टेक्सासच्याच जातीचा निघाला. पाच वर्षे तो त्या किनाऱ्याच्या पाण्यात होता हे उघड होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नद्यांतही असेच आढळले.

मग एकेक दार उघडत गेले. खेकडा, कोलंबी ह्यांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. समुद्रात तरंगणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव, डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे, कोलंबीचेच दूरचे भाऊबंद. त्यांनाही कायटिनचेच कवच. हे जीव मरतात, कवचे टाकतात, आणि त्यांचा खच समुद्रात सतत पडत असतो. तो कुजवून पुन्हा पाण्यात जिरवायचे काम जे जंतू करतात त्यांत पटकीचा जंतू एक आहे. समुद्राचा तो सफाई कामगार म्हणा ना. तो कोपेपॉडच्या अंगावर चिकटून राहतो, एकेकावर हजारोंच्या संख्येने. पाणी कोमट झाले, हिरवे शेवाळी प्लवक वाढले, की ते खाणारे कोपेपॉड वाढतात आणि त्यांच्यावर हा वाढतो. थंडीत किंवा उपासमारीत तो आक्रसून गोल होतो. १९८२ साली कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ह्या अवस्थेत तो जिवंत असतो, पण प्रयोगशाळेतल्या खाद्यावर उगवत नाही. कॉखच्या काळापासून पाणी तपासायची रीत तीच होती: खाद्यावर टाकायचे आणि उगवते का पाहायचे. झोपलेला माणूस हाकेला ओ देत नाही म्हणून घर रिकामे आहे, असा तो निष्कर्ष होता.

तात्पर्य, पटकीचे माहेर मचूळ पाण्यात आहे. माणसाचे आतडे ही तिची सासुरवाडीसुद्धा नव्हे. फार तर वाटेवरची धर्मशाळा.

ह्या कुळात ती एकटी नाही. १९५० साली जपानात ओसाकाजवळ अर्धवट वाळविलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० मेली. फुजिनो ह्या संशोधकाने त्यातून तिचा एक चुलतभाऊ वेगळा केला. दुसरा एक भाऊ जखमेतून शरीरात शिरतो, आणि बाल्टिकसारखे थंड समुद्र उन्हाळ्यात तापू लागल्यापासून तेथेही माणसे त्याला बळी पडत आहेत.

पण सगळेच पाण्यातले जंतू मारक नसतात, आणि हे फार महत्त्वाचे आहे. पटकीच्या जंतूचे दोनशेहून अधिक गट आहेत. मोठ्या साथी केल्या त्या दोनच गटांनी. माणूस मरतो तो जंतूच्या विषाने. हे विष जंतूपासून वेगळे काढून त्याचा परिणाम सशाच्या आतड्यात निर्विवाद दाखविला तो कलकत्त्याच्या शंभूनाथ डे ह्यांनी, १९५९ साली. हे विष आतड्याच्या पेशींचे पाट फोडते आणि तासाला लिटरभर पाणीसुद्धा तांदळाच्या धुवणासारखे बाहेर पडू शकते. डे ह्यांना आपल्या देशात हयातीत एकही मोठा सन्मान मिळाला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. पुढे १९९६ मध्ये कळले की ह्या विषाचा नकाशा जंतूचा स्वतःचा नव्हेच. जंतूंना ग्रासणारा एक विषाणू तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे पोचवतो. क्लाइन आणि गिब्ज ह्यांची ती तळी आठवतात ना, जंतू असलेली पण पटकी नसलेली? त्यांचे कोडे बहुधा येथे सुटते.

बांगलादेशातल्या मतलब भागात ह्या ज्ञानाचा एक साधा उपयोग करून पाहण्यात आला. जंतू अतिबारीक, तो कापडातून सहज जाईल. पण ज्या कोपेपॉडवर तो बसतो तो जाणार नाही. ६५ खेड्यांपैकी काहींतल्या बायकांना सांगितले, जुन्या साडीच्या निदान चार घड्या घालून कळशीच्या तोंडावर धरा आणि पाणी गाळा. जुनीच साडी, कारण धुऊन धुऊन तिचा धागा पिंजतो आणि छिद्रे बारीक होतात. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला: पटकी ४८ टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे हंड्यावर फडके बांधण्याची रीत घरोघर होती. ते पाहून मी तरुणपणी त्या बायकांना म्हणे, आजी, ह्याने जंतू जात नाही. माझे शास्त्र त्या फडक्यापेक्षा थिटे निघाले.

आता ज्यासाठी हा विषय मी निवडला तेथे येतो. जंतू निसर्गाचा आहे हे सत्य समजल्यावर मला आनंद झाला तसा धसकाही बसला. कारण हे वाक्य मी मालकांच्या तोंडून ऐकलेले आहे. तीस वर्षांपूर्वी एका कामगारवस्तीत श्रावणात जुलाब-उलट्यांची साथ आली. पाच दिवसांत दोन मुले आणि एक म्हातारी गेली. कागदावर पटकी हा शब्द आला नाही. ‘गॅस्ट्रो’ असे लिहिले गेले. पटकी लिहिली की वर कळवावे लागते. वाटाघाटीला बसलो तेव्हा व्यवस्थापनाचे उत्तर होते, पावसाळा आहे, असे व्हायचेच. आम्ही वस्तीतला चर उकरला. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मोरीचा नळ एकाच चरात, एकावर एक. पाणी दिवसातून दोन तास सुटे. ते बंद झाले की रिकामा नळ गंजलेल्या सांध्यातून आजूबाजूचे ओढून घेई. नवा चर पडायला आणि नळ बदलायला आम्हांला अकरा दिवस काम बंद ठेवावे लागले.

हाच वाद जगाच्या चव्हाट्यावर झाला तो हैती देशात. २०१० च्या जानेवारीत तेथे भीषण भूकंप झाला; ऑक्टोबरात पटकी उसळली. निदान शतकभर त्या देशात पटकीची नोंद नव्हती. कोणी म्हणाले, उष्ण वर्ष आहे, किनाऱ्याच्या पाण्यातला जंतू जागा झाला. कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही २०१२ च्या निबंधात स्थानिक पाण्यातल्या जंतूंचा वाटा असावा असे सुचविले. परंतु हैतीच्या लोकांचे बोट पहिल्या दिवसापासून दुसरीकडे होते. आर्तिबोनीत नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर, मिरबाले गावाजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. नेपाळमधून नवी तुकडी नुकतीच आली होती, आणि छावणीची घाण ओढ्यात जात होती. पियारू ह्या फ्रेंच डॉक्टरने स्नोच्याच रीतीने गावोगाव हिशेब लावला. २०११ मध्ये जंतूची संपूर्ण वंशावळ वाचून पाहिली तेव्हा हैतीचा जंतू आणि नेपाळचा जंतू जवळजवळ एकच निघाले. आठ लाखांवर माणसे आजारी पडली, दहा हजारांच्या आसपास मेली. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरपाईचे दावे आपल्या संरक्षणाच्या कलमावर बोट ठेवून परत केले. २०१६ च्या डिसेंबरात सरचिटणीस बान की-मून ह्यांनी क्षमा मागितली.

नेपाळी सैनिक हा काही गुन्हेगार नव्हे. तोही पोटासाठी परदेशी पाठविलेला माणूस. यात्रेकरूच्या जागी त्याला उभे केले की गाडा पुन्हा दुसऱ्याच्या शिवेवर गेला. छावणीच्या मैलापाण्याचा ठेका कोणी दिला, त्यावर देखरेख कोणाची, नदीकाठच्या गावांना नदीवाचून दुसरे पाणी का नव्हते, हे विचारायचे राहून जाते. १९९१ साली पेरू देशात पटकी आली तेव्हा तीन लाखांवर रोगी झाले, पण मेले तीन हजारांच्या आत. साखर-मिठाचे पाणी वेळेवर हाती पडले म्हणून. तो उपाय १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी हजारोंवर करून दाखविला होता.

हैतीतली साथ २०१९ च्या आरंभी विझली. तीन वर्षांवर एकही रोगी सापडला नाही. २०२२ च्या सप्टेंबरात टोळ्यांनी इंधनाचे मुख्य केंद्र अडविले. टँकर थांबले, पाण्याचे कारखाने थांबले. ऑक्टोबरात राजधानीच्या झोपडपट्ट्यांत पटकी परत दिसली, आणि जंतू तपासला तो २०१० मध्ये आलेल्याच्याच वंशातला निघाला. कोणी म्हणतात तो इतकी वर्षे लक्षणे नसलेल्या माणसांत हळूहळू फिरत होता. कोणी म्हणतात आर्तिबोनीतच्या मुखाशी, मचूळ पाण्यात, कोपेपॉडच्या पाठीवर होता. त्या नद्यांच्या पाण्यात तो सापडलेला आहे, हे खरे. टँकर मात्र ज्या आठवड्यात थांबले तो आठवडा कॅलेंडरवर दाखविता येतो.